पलेगाचा पिच्चर

पनवेल, ८ फेब्रुवारी १९६३

हिरामणा,

आशीर्वाद घे आणि आधी नीट बसून घे, कारण पत्र लांबणार आहे. तू तिकडे अलिबागेत मास्तरांच्या ट्रेनिंगला गेलास आणि इकडे आपल्या डोंगरखारात तुझ्या भावाने असा खेळ केला की उलव्याची माणसं होड्यांतून आली. कनात एका बाजूने सोडावी लागली, इतकी गर्दी.

मुंबईच्या फिल्म-डेपोवाल्याने एक विलायती पिक्चर माझ्या गळ्यात मारला. गाणं नाही, नाच नाही, रंग नाही. शहरात तीन दिवसांत उतरला. गोटीराम मशीनवर बसल्या बसल्या म्हणाला, "शेठ, ह्यो लावला तर लोकं आपल्याला खाडीत बुडवतील." मी म्हटलं, तू मशीन चालव, तोंड मी चालवतो. माणसाला गोष्ट लागते, भाषा मी माइकवरून पुरवतो. शेंगदाणे विकत विकत तंबूचा मालक झालो तो काय मुका राहून?

गोष्ट अशी. फार जुना काळ. गोऱ्यांच्या एका गावात प्लेग येतो. आपल्या गावच्या म्हाताऱ्यांना पलेग सांगावा लागत नाही. सगळं गाव घरं सोडून माळावर झोपड्यांत राहिलेलं त्यांनी आईबापांकडून ऐकलेलं आहे. तर त्या गावातले लोक चामड्याच्या चाबकांनी स्वतःच्या पाठी फोडून घेत, देवाचं नाव घेत रस्त्याने फिरतात. तंबूतून आवाज आला, "आरं, ह्यो त पोतराज हाय!" मी लगेच माइकवर, "पोतराजच! पन विलायतेचा!" काय हसले लोक!

मग त्यात एक विधवा आहे. आजाऱ्यांना घागरीने पाणी घालत फिरते. पाद्री तिच्याकडे बोट दाखवतो, हीच रोग पसरवते म्हणतो, आणि सातव्या रिळात गाव तिला झोपडीसकट जाळतं. आठव्या रिळात काय आहे माहीत आहे? रोग थांबतच नाही. पाद्री मरतो, जाळणारे मरतात, शेवटी रिकाम्या रस्त्यावर एक कुत्रं फिरतं. दिवसभर मिठागरात पाय सोलून आलेल्या माणसांना मी कुत्रं दाखवू? गोटीरामला सांगितलं, आठवं रीळ डब्यातच राहू दे. आणि माइकवर म्हटलं, "बया जळली, आणि दुसऱ्या दिवशी सगळा गाव ठणठणीत!" अख्खा तंबू उठून ओरडला.

आणि माझी रीत तुला ठाऊक आहे. तंबू ठोकण्याआधी मी गावच्या हॉटेलात दोन तास नुसता कान उघडे ठेवून बसतो. जे कानावर येतं ते खेळात घालतो, म्हणजे लोकांना वाटतं विलायतेत पण आपलंच गाव आहे. तुमच्याकडे ऐकलं की कोणी एक बाई आहे, ती ज्या घरी जाते त्या घरी देवी येतात. नाव कोणी घेतलं नाही. मी तेवढं उचललं. पडद्यावरची विधवा घागर घेऊन निघाली की मी म्हणायचो, "निगाली! आता कोनाचे दारान?" बाया पोरांना पदराखाली ओढत होत्या.

येसूआत्या मात्र भेटली नाही. कोणा आजाऱ्याजवळ बसली आहे म्हणाले. तिच्यासाठी हिरवं लुगडं तिच्या घरी ठेवून आलोय. आई गेल्यावर तिने तिच्या ताटातलं मला वाढलं नसतं तर आज खेळ दाखवायला मी उरलो नसतो. तिला सांग, धर्मा मोठा झाला.

तुझा,
धर्मादादा


डोंगरखार, २ मार्च १९६३

धर्मादादा,

नमस्कार. पुढचं कसं लिहावं ते कळत नाही, म्हणून सरळ लिहितो. तू हॉटेलात जिच्याबद्दल ऐकलंस ती बाई येसूआत्या आहे.

मी परत आलो तेव्हा अकरा घरांच्या दारांवर कडुलिंबाचे डहाळे होते. आता सतरा आहेत. तुला रीत माहीत आहे, देवी आलेल्या घरात फोडणी द्यायची नाही, म्हावरं शिजवायचं नाही, परक्याने पाऊल टाकायचं नाही. देवीआईची सेवा करायची आणि ती आपण होऊन जाईपर्यंत वाट पाहायची. त्या घरांत फक्त आत्या जाते. तिला लहानपणीच देवी येऊन गेल्या, पुन्हा येत नाहीत हे तिला ठाऊक आहे. पोरांना पाणी पाजते, लिंबाच्या पाल्याने वारा घालते. तीन पोरं गेली, तिघांचीही डोकी तिच्या मांडीवर होती. लोकांनी तेवढंच पाहिलं.

तू येण्याच्या आधीच्या आठवड्यात पनवेलहून देवी टोचणारा डॉक्टर आला होता. लोकांनी पोरं मिठाच्या कोठारात दडवली. आत्याने त्याला कोठार दाखवलं. स्वतः आत शिरून एकेकाला दंडाला धरून बाहेर काढलं आणि ओरडली, "आंधली करायची हाईत काय पोरां? टोचून घ्या!" टोचलेल्यांचे दंड सुजले, ताप आला. दोघांच्या अंगात रोग आधीच होता, त्यांना फोड आले. नामा भगत गावकीत म्हणाला, "आई घरान आयली व्हती, हिनं तिला सुईनं टोचली. आता ती सगल्यांना दाखवील."

तरीही दादा, तोवर नुसती कुजबुज होती. तुझ्या खेळानंतर तिला आवाज आला. आत्या विहिरीवर निघाली की पोरं मागे लागतात, "निगाली! आता कोनाचे दारान?" अगदी तुझ्या आवाजात. परवापासून तिला रहाट धरू देत नाहीत. ती उलट हसते. म्हणाली, "धर्माचा आवाज काय बेस काढतान रं पोरां." तुझं लुगडं नेसून फिरते.

आमच्या तुळशीराम पाटलाला मी म्हटलं, अहो, तो नुसता पिक्चर होता. ते म्हणाले, "मास्तर, धर्मा आपला मानूस. तो आपल्याशी खोटा कनाला बोलंल?"

तू ये. ते आठवं रीळ घेऊन ये आणि त्याच माइकवर सांग की तू खोटं बोललास. दुसरं काही मागत नाही.

हिरामण


खोपोली, ११ मार्च १९६३

हिरामणा,

तुझं पत्र वाचलं. गोटीराम दोनदा चहा ठेवून गेला, दोन्ही गार झाले. मला काय माहीत रे? नाव घेतलं असतं कोणी तर मी त्याच्या तोंडात मारली असती. माझ्या कानांना सगळं ऐकू येतं, आणि हे तेवढं आलं नाही.

पण आता डोकं चालवू या. पुढच्या तीन जत्रा ठरलेल्या आहेत, शब्द दिलाय. एक मोडली की पुढच्या साली दुसऱ्याचा तंबू उभा राहतो. लगेच येता येत नाही. तोवर दोन गोष्टी कर.

एक, सोबत वेगळा कागद आहे तो गावकीत मोठ्याने वाच. त्यात मी स्पष्ट लिहिलंय की पिक्चरचा शेवट मी बदलला, खरा शेवट उलटा आहे, बाई निर्दोष होती, आणि हे मी गावदेवीची शपथ घेऊन सांगतो. खाली सही आहे, टॉकीजचा शिक्का आहे. शिक्क्याला लोक घाबरतात.

दोन, आत्याला पनवेलला माझ्या खोलीवर पाठव. किल्ली शेजारच्या शेवंताबाईंकडे आहे. त्यांना सांगून ठेवलंय. महिनाभर राहील, खाईल, झोपेल. देवी काय जन्मभर राहतात गावात? ऊन चढलं की जातात. गावाचा राग पण तसाच.

तू काळजी करू नकोस. मी अख्ख्या जिल्ह्याला हसवतो, तुझ्या पाटलाला समजावणार नाही?

धर्मादादा


डोंगरखार, २० मार्च १९६३

धर्मादादा,

कागद वाचला. गावदेवीच्या देवळासमोर उभं राहून वाचला. सगळे शांतपणे ऐकत होते, मला वाटलं पटतंय. मग नामा भगत म्हणाला, "मास्तर, अक्षर तुमचं का धर्माचं?" तुझंच म्हटलं. तर म्हणाला, "कागद कोनीबी लिवतं. पिच्चर आमी डोल्यांनी बगला." आणि एकजण मागून म्हणाला की येसूबाय त्याची आत्या, तिला वाचवायला लिहिलं असेल. मी शिक्का दाखवला. शिक्क्यावरचा हत्ती बघून हसले.

आत्या पनवेलला येत नाही. किती सांगितलं. म्हणते, "पाच पोरां फोडांनी फुललेली हाईत. त्यांचे तोंडान पानी कोन घालील, तू? मी गेले तं म्हनतील, बगा, खरीच व्हती, पलाली." मग वर मलाच विचारते, "धर्मा जेवतो ना रं वेलेवर?"

गावकीने तिला वाळीत टाकलंय. तिच्याशी बोलायचं नाही, आग-पाणी द्यायचं नाही. दुकानदार तिला मीठसुद्धा देत नाही, या मिठाच्या गावात. बोलेल त्याला दंड. मी अजून बोलतो, पण मागच्या दाराने.

आमच्या बाळाला काल संध्याकाळपासून ताप आहे. त्याला टोचलेलं नाही. चंदाने टोचू दिलं नाही आणि परत आल्यावर मी मास्तर असून तिच्याशी भांडलो नाही. भांडायला हवं होतं, हे आता त्याच्या अंगाला हात लावल्यावर कळतं. तापाचं दुसरंही कारण असेल.

जत्रा मोडतात तर मोडू दे. ये.

हिरामण


पेण, २८ मार्च १९६३

हिरामणा,

मोडली. तिसरी जत्रा मोडली. शुक्रवारी, ५ एप्रिलला संध्याकाळी डोंगरखारला खेळ लावतो, फुकट. बैलगाडीवर कर्णा लावून आसपास ओरडायला माणूस पाठवलाय. आठही रिळं आणतो. आत्याला सांग, पहिल्या ओळीत बसायचं. बाळाचं कळव.

धर्मा


कर्जत, ९ एप्रिल १९६३

हिरामणा,

झालं रे काम! तू तंबूत आला नाहीस, बाळाजवळ असशील, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

एवढं गाव मी कधी बसलेलं पाहिलं नाही. खेळ सुरू होण्याआधी माइकवर कान पकडले. म्हटलं, "मंडळी, मागच्या वेळी धर्मा तुमच्याशी खोटा बोलला. पोटासाठी बोलला. आज जसं आहे तसं दाखवतो आणि तोंडातून एक शब्द वाकडा काढणार नाही." आणि काढला नाही. विधवा घागर घेऊन निघाली तेव्हा फक्त म्हटलं, "ही आजाऱ्यांना पाणी द्यायला चालली आहे." झोपडी पेटली तेव्हा काहीच बोललो नाही. मग आठवं रीळ लावलं. पाद्री पडला, एकेक करून ते चाबूकवाले पडले, ज्याने पेटती काठी टाकली तो स्वतःच्या पोराला खांद्यावर घेऊन फिरताना पडला. शेवटचं कुत्रं दिसेपर्यंत तंबूत कोणी खोकलं पण नाही. बाया रडत होत्या. खरं सांगतो, मी पण.

आत्या आली होती. पहिल्या ओळीत नाही, कनातीजवळ एकटी, तिच्या आजूबाजूला बरीच जागा मोकळी. संपल्यावर लोकांनी प्रश्न विचारले, कधी विचारत नाहीत. एका म्हातारीने विचारलं, "तिला जाललं तवा त्यांचा देव काय म्हनला?" मी म्हटलं, देव काही म्हणाला नाही. नामा भगताने विचारलं, "त्यांनी देवाला इचारलं व्हतं का आधी?" मी म्हटलं, "कुठलं! कोणी विचारलं नाही, पाद्रीने बोट दाखवलं आणि हे धावले. म्हणून तर अख्खं गाव मेलं." भगत बराच वेळ मान हलवत राहिला, मग वाकून माझे पाय धरले. मला ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, नाम्या, उठ, तू समजलास यात सगळं आलं.

सकाळी आत्याकडे पेज प्यायलो. मीठ नव्हतं. तिला म्हटलं, चल आता माझ्याबरोबर. तर म्हणाली, "आता कनाला? आता तं तूच सगलं नीट केलंस." तिच्या पाया पडलो आणि शनिवारी ऊन चढायच्या आत निघालो.

बाळाचं कळव. फोड आले का? आले तरी आत्या आहे.

धर्मादादा


डोंगरखार, ४ मे १९६३

धर्मादादा,

तुझी मधली चार पत्रं मिळाली. तुला कळलं असेलच, पनवेलला कळलं म्हणजे सगळीकडे कळलं. कसं झालं ते मात्र कोणी सांगितलं नसेल, कारण ते कोणी कोणालाच सांगत नाही.

तुझा तंबू शनिवारी सकाळी हलला. दुपारी नामा भगताने गावदेवीपुढे माणसं जमवली. म्हणाला, "धर्मानं डोले उघडले. त्या लोकांनी बाय जालली म्हनून ती मेली नाय. देवाला न इचारता जालली म्हनून मेली. आपन इचारू." आणि कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मी तिथे होतो. मी "थांबा" म्हणालो. एकदा. मग सगळ्यांबरोबर मीही फुलांकडे बघत राहिलो.

उजवं पडलं.

रविवारी दुपारी आत्या आमच्या दारात आली. मागच्या नाही, पुढच्या. "हिरामना, दार उघड रं, ती लोकां येतान." बाळ अजून अंगभर फुललेलं होतं, पापण्यांवरसुद्धा. चंदा त्याला उराशी धरून म्हणाली, "तिला आत घेतलं तं मी बालाला घेऊन विहिरीन जाईन." माझा हात कडीवर होता. मला वाटतं मी कडी काढणार होतो. मी काढली नाही. बाहेरून आत्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. मग म्हणाली, "बरं. बालाला पानी घाल मंग. कोमट घाल." आणि घरी गेली. पळाली नाही.

तिच्या दाराला बाहेरून सुंभ बांधलं. पेंढा कोणी आणला ते मला दिसलं नाही, कारण मी खिडकीही उघडली नाही. वास आला.

फौजदार आला. पंचनाम्यात चुलीची ठिणगी उडाली असं आहे. खाली सगळ्यांचे अंगठे आणि एक सही. सही माझी. मला विचारलं, घटनेच्या वेळी कुठे होतात, तर मी म्हणालो शाळेत. रविवार होता. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

बाळ वाचलं. खपल्या धरून पडल्या. ७ एप्रिलनंतर गावात एकाही नव्या घरात देवी आल्या नाहीत. मी शिकलेला माणूस आहे दादा. आत्याने कोठारातून ओढून काढलेली, टोचलेली पोरंच बहुतेक वाचली आणि रोगाला पुढे जायला कोणी उरलं नाही, हे मी फळ्यावर आकडे मांडून दाखवू शकतो. पण परवा बाळ तापानंतर पहिल्यांदा हसलं, तेव्हा माझ्या मनात एक विचार येऊन गेला. तो मी तुला लिहिणार नाही.

हिरामण


पनवेल, ३० जून १९६३

हिरामणा,

तुझं पत्र खिशात घेऊन मी पोलीस कचेरीत गेलो. तुला न विचारता गेलो. फौजदाराच्या टेबलावर ते ठेवलं आणि म्हटलं, साहेब, हे वाचा, आणि वाचून झाल्यावर आधी मला धरा. मी माइकवरून बोललो त्यातून हे झालं. दोनदा बोललो. पहिल्यांदा खोटं, दुसऱ्यांदा खरं, आणि मेली ती खऱ्यानं.

त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, "शेठ, पिक्चर दाखवण्यात कसला गुन्हा? सरकारने पास केलेला आहे." चहा मागवला. मग तुला बोलावून घेतो म्हणाले. आठ दिवसांनी पुन्हा गेलो तर तुझं पत्र माझ्यापुढे सरकवलं. "मास्तर म्हणतो हे अक्षर माझं नाही. समोर बसवून लिहून घेतलं, खरंच वेगळं आलं." कसं रे लिहिलंस? डाव्या हाताने? लहानपणी मिठागराच्या ओल्या वाळूत तुला अक्षरं गिरवायला बसवायचो, तेव्हा डावा हात पुढे केलास की मीच चापटी मारायचो.

तुझ्यावर राग धरायला मला जागा नाही. तुझ्या घरात पोर होतं. माझ्या बाजूला काय होतं? तीन जत्रा.

आता ऐक, यावर्षी काय होणार आहे ते. पावसाळा नुकता लागलाय तोच चार गावांचे निरोप आलेत, तो पलेगाचा पिच्चर आमच्याकडे लावा. कुठून पसरलं कोण जाणे. डेपोवाला खूश आहे, प्रिंट दुसऱ्या तंबूवाल्यालाही देतो म्हणतो. मी म्हटलं, जाळून टाक. तो हसला. गोटीराम म्हणतो, "शेठ, तुम्हाला नको तर माइकवर मी बोलतो, मला पाठ आहे." त्यालाही पाठ आहे.

खोलीत आत्यासाठी खाट आणून ठेवली होती. शेवंताबाई विचारतात, पाहुण्या कधी येणार? मी सांगितलं नाही. तुला हे शेवटचं पत्र म्हणून लिहायला बसलो होतो. पण तिचा आवाज आठवणारं दुसरं आहे कोण मला? लिहीत जा.

धर्मा


॥ श्री येसूआई प्रसन्न ॥

डोंगरखार, ५ मार्च १९६४

टुरिंग टॉकीजचे मालक श्रीमान धर्मराज शेठ यांना डोंगरखार गावकीचा रामराम.

आपणांस कळवण्यास आनंद होतो की, गावावरील संकट आपल्या अंगावर घेऊन गावाला तारणाऱ्या श्री येसूआईचं ठाणं आपल्या गावात बांधून पूर्ण झालं आहे. चैत्र पौर्णिमेला पहिली जत्रा भरेल. करंजाडे, उलवे आणि खाडीपलीकडच्या मंडळींनी येण्याचं कबूल केलं आहे. आई आपल्याच घरची, म्हणून पहिला मान आपल्या तंबूचा, असा गावकीने एकमताने ठराव केला आहे. आपण तोच चित्रपट आणावा. शेवट मात्र पहिल्या खेळात सांगितला तसा सांगावा, दुसरा लोकांना आवडला नाही. आईला हिरवं लुगडं नेसवण्याचा मानही आपलाच राहील. नामा भगत आपली विशेष आठवण काढतात.

गावकीच्या वतीने,
हि. ध. मास्तर, चिटणीस

दादा, इथवर त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. हे खालचं माझं आहे, आणि उजव्या हाताने लिहिलेलं आहे.

तू येणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तुझ्याऐवजी दुसरा तंबू येईल, त्याचंही नाव ठरलंय. ठाण्यावर रोज कोणी ना कोणी नारळ फोडतं. ज्यांनी पोरं गमावली त्या बाया सगळ्यांत जास्त येतात. आईपुढे बसून तिच्याशी बोलतात, वाळीत टाकलेली असताना जे बोलता आलं नाही ते सगळं. या सोमवारी देवी डॉक्टर पुन्हा आला होता. कोणी पोर दडवलं नाही. गावाने त्याला चहा दिला आणि सांगितलं, आता गरज नाही, आमची आई आहे. एकही दंड पुढे झाला नाही. मी शाळेच्या पायरीवर उभा होतो.

जत्रेच्या दिवशी बाळाचं जावळ तिच्यापुढे काढायचं आहे. चंदाचा नवस आहे. त्या दुपारी, धूर यायला लागल्यावर, तिने दाराच्या आतून आत्याच्या घराकडे हात जोडून तो बोलला होता. मी शेजारीच होतो, मी ऐकलं. मामाची मांडी लागते, आणि तिला भाऊ नाही, म्हणून ती म्हणते धर्मादादांना बोलवा.

तू नाही आलास तर मीच मांडीवर घेऊन बसेन. वस्तरा डोक्याला लागला की पोरं धडपडतात, रडतात, हाका मारतात. घट्ट धरून ठेवावं लागतं, सोडायचं नाही. ते मला जमेल.

हिरामण